एलिप्टिक समीकरणांनी इंटरपोलेशन का करतात? बहुपदी पुरत नाही का?

प्रश्न थोडक्यात असा: हवेली तालुक्यातल्या 60 विहिरींच्या पाणीपातळ्या हाताशी आहेत, त्यावरून इंटरपोलेशननं, म्हणजे मधल्या जागांच्या पातळ्या अंदाजून, नकाशा काढायचाय. दोन चलांची बहुपदी बसवायची सोडून लोक लॅप्लाससारख्या एलिप्टिक समीकरणांच्या, म्हणजे सीमेवरच्या किमतींवरून आतला पृष्ठभाग ठरवणाऱ्या समीकरणांच्या, उकली का वापरतात, आणि त्रुटी किती राहते?

बहुपदी पुरत नाही. एका चलात 60 बिंदूंतून जास्तीत जास्त 59 घाताची एकच बहुपदी जाते. समान अंतरावरच्या बिंदूंच्या मध्ये, टोकांपाशी, ती कशी उसळते हे गणिती रुंगेनं 1901 मध्येच दाखवलंय, पण निदान ती असते तरी. दोन चलांत तेवढीही खात्री नाही. गणिती मेअरह्यूबरचा 1956 चा निकाल सांगतो की कुठेही ठेवलेल्या बिंदूंवर हमखास चालेल असा ठरावीक फलांचा संच प्रतलावर नाहीच. कारण साधं आहे. कागदावर दोन बिंदू एकमेकांना न धडकता जागा बदलू शकतात. प्रत्येक बिंदूवरच्या फलांच्या किमती एकेका ओळीत मांडल्या, तर त्यांचा निश्चयक (डिटर्मिनंट) शून्य नसेल तरच हमखास उकल मिळते. जागा बदलल्या की त्याच्या दोन ओळींची अदलाबदल होते, चिन्ह उलटतं, म्हणजे वाटेत कुठेतरी तो शून्य झालेला असतो. रेषेवर टक्कर टाळून जागा बदलताच येत नाहीत, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं.

2011 साली मी कर्वे रस्त्यावरच्या एका सर्वेक्षण कचेरीत होतो. सिंहगडाच्या बाजूच्या एका लहान तलावातला गाळ काढायचा होता, त्यासाठी तळाचा नकाशा हवा होता. आम्ही या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधून होडीतून एको साउंडर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, फिरवला. 14 ओळी, दोन ओळींत 25 मीटर अंतर, ओळीवर मात्र दर मीटरला एक वाचन. आमच्या साहेबांनी ती सगळी वाचनं सुटे बिंदू म्हणून सॉफ्टवेअरला दिली आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात सरासरी काढणारी पद्धत निवडली. नकाशात जुन्या ओढ्याचं पात्र खड्ड्यांच्या माळेसारखं उमटलं: प्रत्येक ओळीवर एक खड्डा, दोन ओळींच्या मध्ये उंचवटा.

मी म्हणालो, साहेब, ही वाचनं बिंदूंवरची नाहीत, रेषांवरची आहेत. माझं सगळं म्हणणं एवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे. एका चलात तुकड्याची सीमा म्हणजे दोन बिंदू, दोन चलांत सीमा म्हणजे वक्र. एका चलातली क्यूबिक स्प्लाइन, म्हणजे तिसऱ्या घाताचे तुकडे गुळगुळीत जोडून केलेला वक्र, प्रत्येक तुकड्यात चौथं विकलज (डेरिव्हेटिव्ह) शून्य असलेलं फल असते. दोन चलांत त्या जागी बायहार्मोनिक समीकरण घ्या, म्हणजे लॅप्लासचा ऑपरेटर (दोन्ही दिशांतल्या दुसऱ्या विकलजांची बेरीज) दोनदा लावून शून्य. प्रत्येक पट्ट्यात त्याची उकल काढा आणि ओळीपाशी उतार व वक्रता जुळवा. बल्गेरियन गणिती कौंचेव्ह यांनी याच कल्पनेला पॉलिस्प्लाइन म्हटलंय. ओळी समांतर असतील तर काम आणखी सोपं होतं: ओळीच्या दिशेनं फूरिए घ्या, म्हणजे वाचनं वेगवेगळ्या वारंवारतेच्या तरंगांत फोडा, की प्रत्येक वारंवारतेसाठी आडव्या दिशेत चारच फलं उरतात, चढती आणि उतरती घातांकी, आणि तीच दोन आडव्या अंतरानं गुणलेली. शून्य वारंवारतेला पुन्हा नेहमीची क्यूबिक मिळते.

तीन रात्री बसून मी हे करून दाखवलं. पात्र अखंड आलं. साहेबांनी एकूण घनफळ पाहिलं, त्यात फारसा फरक नव्हता, आणि जुनाच नकाशा पाठवला. मे महिन्यात तलाव आटल्यावर मी स्वतः बांधावर जाऊन पाहिलं. पात्र सांडव्याच्या बाजूपर्यंत सलग होतं, आणि नकाशातल्या खड्ड्यांच्या मधले, प्रत्यक्षात नसलेले उंचवटे उपसायला पोकलेन लावलं होतं. घनफळ बरोबर आलं म्हणजे नकाशा बरोबर आला असं होत नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

आता तुमच्या विहिरी. त्या खरोखरच सुटे बिंदू आहेत आणि नुसतं लॅप्लास त्यांच्यावर चालणार नाही. ताणलेल्या पडद्याला एका टोकदार सुईनं उचललं तर सुईपाशी टोक येतं, बाकी पडदा जागेवरून हलत नाही. लॅप्लासच्या दृष्टीनं प्रतलावरचा एकटा बिंदू नगण्य असतो. पातळ पत्रा वाकायला विरोध करतो, म्हणून बिंदूंवर बायहार्मोनिक चालतं. हार्डर आणि डेमारे यांनी 1972 मध्ये विमानाच्या पंखांसाठी वापरलेली थिन प्लेट स्प्लाइन हीच. सायपाय या पायथनच्या गणिती संग्रहात ती तयार मिळते. तुमच्या भागातून मुठा नदी जात असेल तर तिची पातळी मात्र बिंदू म्हणून टाकू नका, वक्रावरची माहिती म्हणून द्या.

त्रुटीबद्दल: फल गुळगुळीत असेल आणि कडांवरचे उतार माहीत असतील तर पट्टे निम्म्या रुंदीचे केल्यावर बायहार्मोनिक पॉलिस्प्लाइनची त्रुटी साधारण सोळाव्या हिश्शावर येते. विखुरलेल्या 60 बिंदूंना हा आकडा लावू नका. तिथे पाच-सहा विहिरी बाजूला ठेवा, उरलेल्यांवरून त्यांची पातळी काढा आणि ताडून पाहा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बायहार्मोनिक पृष्ठभाग मोजलेल्या पातळ्यांच्या वर किंवा खाली जाऊ शकतो, लॅप्लासचा जात नाही. आणि आमचं पात्र 40 मीटर रुंद होतं म्हणून ते जुळलं. हार्मोनिक फलातला, म्हणजे लॅप्लासचं समीकरण पाळणाऱ्या फलातला, ओळीवरचा एखादा तरंग एका तरंगलांबीइतकं दूर गेल्यावर सुमारे 535 व्या भागावर येतो. बायहार्मोनिकमध्ये तो सावकाश विरतो, पण विरतोच. पाच मीटरची तिरकी चर 25 मीटरच्या ओळींमध्ये कुठल्याच समीकरणानं सापडली नसती. त्यासाठी होडी तिरक्या ओळींवरूनही फिरवायला हवी होती. तेही मी मागितलं होतं, फक्त एक दिवस जास्त लागला असता.

भूजलात लॅप्लास नुसतं गणिती साधन नाही. एकजिनसी, बंदिस्त थरात स्थिर पातळी तेच समीकरण पाळते आणि उपशाच्या विहिरीभोवतीचा खळगा लॉगरिदमचाच असतो. पण आपल्याकडे बेसाल्ट आहे आणि पाणी भेगांतून चालतं. शेजारच्या दोन विहिरींत मोठा फरक दिसला तर तो पुसू नका, आधी तिथे जाऊन खडक पाहा.