प्लॉटर नवा, वायर जुनीच?

वाचकांचे प्रश्न : बोटीवरची इलेक्ट्रॉनिक्स

प्रश्न : २८ फुटी स्पोर्टफिशिंग बोट सेकंडहँड घेतलीये. प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारी स्क्रीन), फिशफाइंडर (पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारं यंत्र), रडार सगळं पंधराएक वर्षांपूर्वीचं. १६ इंची स्क्रीन मनात भरलीये, तिथूनच सुरुवात करू का? आत्ताचा प्लॉटर इंजिन स्टार्ट केलं की बंद पडून पुन्हा चालू होतो, म्हातारा झालाय बहुतेक.

म्हातारा झाला असेलही, पण हा गुन्हा त्याचा नाही हो. स्टार्टर फिरतो तेव्हा शेकडो अँपिअर ओढतो, त्या क्षणी बॅटरीचं व्होल्टेज दहाच्या खाली बसतं आणि त्याच बॅटरीवरचा प्लॉटर झोपतो. उद्या १६ इंची आणलात तरी तोही झोपेल, फक्त जास्त महागात झोपेल. इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळी हाउस बॅटरी घ्या, इंजिनची वेगळी ठेवा, हे पहिलं काम.

दुसरं काम म्हणजे हेल्मचं, म्हणजे सुकाणूपाशी असलेलं, पॅनल उघडून आत टॉर्च मारा. माझ्याच जुन्या बोटीवर मी नवा फिशफाइंडर लावला आणि तो दर पाच मिनिटांनी रिस्टार्ट व्हायचा, मी दोन वेळा बदलून आणला, विकणाऱ्याशी भांडलो, शेवटी मल्टिमीटर घेऊन खाली बसलो तर बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि फिशफाइंडरच्या मागे, सगळं चालू असताना, १०.९. जवळजवळ पावणेदोन व्होल्ट वाटेतच गायब! शोधत गेलो तर आधीच्या मालकाने दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती, टेप काढली तर आतलं तांबं हिरवंगार आणि बोटाने चुरलं की पावडर. विकणाऱ्याला फोन करून सॉरी म्हणालो, काय करणार.

म्हणून मापन नेहमी लोडवर, म्हणजे सगळं चालू ठेवून करा, नुसतं बॅटरीचं बघून काही कळत नाही. नेव्हिगेशनच्या सामानासाठी व्होल्टेज ड्रॉप ३ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६. वायरची जाडी ठरवताना जायचं आणि यायचं अशी दोन्ही लांबी धरा, लोक एकच बाजू मोजतात. वायर टिनचा मुलामा दिलेली मरीन ग्रेड, जोड क्रिम्प केलेले (दाबून बसवलेले) आणि वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), प्रत्येक सामानाला त्याचा फ्यूज. आणि मेलेल्या वायरी उपटून काढा, अर्धं पॅनल त्यांनीच भरलेलं असतं.

आता स्क्रीन. पुठ्ठा १६ इंचीच्या मापाचा कापा आणि हेल्मवर चिकटवून दोन-चार ट्रिप मारा. कंपास झाकला जातोय का, बसल्यावर समोरचं पाणी दिसतंय का, थ्रॉटलवरचा हात अडतोय का, सगळं कळेल. मला विचाराल तर एका मोठ्या स्क्रीनपेक्षा १२ इंची दोन बऱ्या, एक गेली तर दुसरीवर घरी येता येतं. आणि ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडून परतलेला ऐकणारा भाग) जुनाच ठेवून नुसती स्क्रीन मोठी केलीत तर तेच धूसर चित्र मोठं दिसेल, एवढंच.

प्रश्न : १८ नॉट्सच्या वर गेलो की फिशफाइंडरवरचा तळ गायब होतो, खोलीचा आकडा लुकलुकत राहतो. जास्त वॅटचा ट्रान्सड्यूसर लावला तर सुटेल का?

नाही सुटणार, कारण प्रॉब्लेम ताकदीचा नसून बुडबुड्यांचा आहे. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून हवा मिसळलेलं पाणी गेलं की आवाज तिथेच अडतो, मग मागे ६०० वॅट असोत नाहीतर १ किलोवॅट. तो एखाद्या स्ट्रेकच्या (तळावरच्या लांब उंचवट्याच्या), पाणी ओढणाऱ्या भोकाच्या किंवा दुसऱ्या फिटिंगच्या बरोब्बर मागे बसवलाय का ते बोट वर काढल्यावर वाकून बघा. इनबोर्ड असेल तर प्रोपेलरच्या पुढे, जिथे वेगातही तळ पाण्यातच राहतो अशी जागा शोधा. बोटीचा तळ व्ही आकाराचा असतो म्हणून तोंड तिरकं होतं, त्यासाठी एकतर फेअरिंग ब्लॉक (तिरकेपणा भरून काढणारा ठोकळा) लावतात नाहीतर आतला एलिमेंटच १२ किंवा २० अंश तिरका दिलेला ट्रान्सड्यूसर मिळतो, तो तुमच्या डेडराइजला (तळाच्या व्हीच्या उताराला) जुळवून घ्यायचा.

भोक पाडायची भीती वाटत असेल तर इन-हल (आतून तळाला बसवलेला) चालतो, पण फक्त सलग फायबरग्लासमधून, मध्ये फोम किंवा लाकडाचा कोअर असेल तर आवाज तिथेच जिरतो. लाकडी बोटीत प्लास्टिकचा थ्रू-हल (भोक पाडून बसवलेला) कधीच नको, लाकूड फुगलं की तो तडकू शकतो. आणि केबल लांब वाटली म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा.

फ्रीक्वेन्सीचंही थोडं सांगतो. ५० किलोहर्ट्झ खोलवर जातं पण कोन रुंद, २०० ला बारकावे दिसतात पण खोली कमी. १ किलोवॅटच्या एका नेहमीच्या ट्रान्सड्यूसरचा कोन ५० ला १९ अंश आणि २०० ला ६ अंश असतो, म्हणजे १०० मीटर खोलीवर एक साधारण ३३ मीटर रुंद वर्तुळ बघतो आणि दुसरा १० मीटर. रुंद वर्तुळात मासा दिसला म्हणजे तो बोटीखालीच आहे असं नाही, बाजूलाही असू शकतो, म्हणून गळ सोडून वाट बघणारे वैतागतात. चर्प (CHIRP) प्रकारचा फिशफाइंडर एकच फ्रीक्वेन्सी न वापरता एक पट्टा झाडत जातो, त्यामुळे तळाला चिकटलेला मासा तळापासून वेगळा दिसतो. पैसे टाकायचे तर इथे टाका.

प्रश्न : जुनं रडार अजून चालतंय, नवीन प्लॉटरला जोडता येईल ना?

बहुतेक नाही. रडारचा डेटा प्रत्येक कंपनी आपल्याच पद्धतीने पाठवते, एकाचं रडार दुसऱ्याच्या स्क्रीनवर चालत नाही आणि त्याच कंपनीचं असलं तरी जुन्या पिढीचं चालेलच असं नाही. प्लॉटर घ्यायच्या आधी मॉडेल नंबर घेऊन कंपॅटिबिलिटी लिस्ट बघा. नवीनच घेणार असाल तर सॉलिड स्टेट बघा, जुन्या मॅग्नेट्रॉनवाल्या रडारसारखं गरम व्हायची वाट बघावी लागत नाही. माशांवर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांचे थवे शोधायला मात्र डोमपेक्षा (बंद गोल डब्यापेक्षा) ओपन ॲरे (उघडी फिरणारी लांब दांडी) भारी, कारण लांब अँटेनाचा बीम बारीक.

आणि रडारचं चित्र चार्टवर ओव्हरले करायचंय, म्हणजे वर पसरवून बघायचंय, तर हेडिंग सेन्सर (बोटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारा) लागेलच. साध्या जीपीएसला तुम्ही कुठे सरकताय ते कळतं, बोटीचं नाक कुठे बघतंय ते कळत नाही, ड्रिफ्टवर (बोट वाहती सोडून) मासेमारी करताना दोन्हीत ९० अंशांचा फरक पडू शकतो आणि किनारा चार्टवर आडवा पडलेला दिसतो. सेन्सर स्पीकर आणि लोखंडी वस्तूंपासून लांब लावा.

प्रश्न : एनएमईए २००० वर (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या केबलच्या जाळ्यावर) कधी सगळं दिसतं, कधी अर्धं गायब. कुठे बघू?

पॉवर बंद करा आणि दोन डेटा वायरींमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आलं तर ठीक. १२० आलं तर एक टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) निसटलाय, ४० आलं तर कुणीतरी तिसरा लावलाय. बॅकबोनच्या (मुख्य केबलच्या) दोन टोकांना दोनच टर्मिनेटर, बाकी फाट्यांना नाही, आणि एक फाटा ६ मीटरपेक्षा लांब नको.

प्रश्न : एआयएस ट्रान्सपाँडर (आपली ओळख आणि जागा इतर बोटींना कळवणारं यंत्र) आणि व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ) एकाच अँटेनाला टी लावून जोडले तर?

तर एकाचं ट्रान्समिशन दुसऱ्याच्या रिसीव्हरमध्ये घुसून तो जळेल. व्हीएचएफ २५ वॅट सोडतो! ट्रान्समिटसाठी बनवलेला स्प्लिटर घ्या, नाहीतर सरळ वेगळी अँटेना लावा, मी वेगळी लावतो, कारण स्प्लिटरमध्ये थोडा सिग्नल जातोच आणि अँटेना मोडली तर दोन्ही एकदम मुकतात.

प्रश्न : व्हीएचएफ रेडिओवरचं लाल डिस्ट्रेस (संकटात मदत मागायचं) बटण आपोआप चालतं का?

नऊ आकडी एमएमएसआय नंबर (बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक) टाकल्याशिवाय नाही, आणि जीपीएस जोडलं नसेल तर तुमची जागा जाणार नाही. नंबर टाकताना दोनदा वाचा, बऱ्याच रेडिओंमध्ये तो एक-दोन वेळाच टाकता येतो, मग रेडिओ कंपनीकडे पाठवावा लागतो.