विहिरीपासून रानापर्यंत पाईपलाईनची चारी: ट्रॅक्टरचा ट्रेंचर लावावा की जेसीबी?

तुमचं काम असं दिसतंय: विहिरीपासून वरच्या रानापर्यंत 2000 फूट अंतर, 3 इंची पीव्हीसी पाईप, घरी 50 एचपीचा ट्रॅक्टर. जेसीबी बोलवावा की ट्रेंचर (ट्रॅक्टरमागे जोडून दातांच्या चेनने अरुंद चारी खोदणारं मशीन) लावावा, ट्रेंचर विकतच घ्यावा का आणि चालवताना काय सांभाळावं, असं विचारलंय. शेतातल्या पाईपलाईनची कामं घेणं हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चारीत माणूस उतरवावाच लागणार नाही असं मशीन निवडा. पैसा, वेळ आणि जीव, तिन्ही त्यातच वाचतात. ट्रॅक्टरच्या चेन ट्रेंचरची चारी साधारण 6 इंच रुंद निघते, तिच्यात माणूस मावतच नाही. पाईप वरच जोडायचे, सोल्यूशन (पाईप चिकटवायचा गोंद) नीट धरू द्यायचं आणि दोराने अलगद खाली सोडायचे. जेसीबीच्या नेहमीच्या 2 फुटी बकेटने तीच चारी काढली की मातीही चौपट निघते: 3 फूट खोलीला ट्रेंचरने 30 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), जेसीबीने 120 ब्रास. ही सगळी माती परत लोटायची असते आणि पहिल्या पावसात ती रुंद पट्ट्यात दबते. शिवाय ट्रेंचर माती भुसभुशीत करून बाजूला टाकतो. पाईपावर पहिला थर अशाच मातीचा हवा. जेसीबीची ढेकळं आणि धोंडे थेट पाईपावर पडले तर पाईप तिथेच चेपतो आणि गळती वर्षभराने उघडी पडते.

पण हे सगळं जमिनीवर अवलंबून आहे. मशीन ठरवायच्या आधी ओळीवर चार-पाच ठिकाणी, विशेषतः ओढ्याजवळ आणि चढ सुरू होतो तिथे, 3 फूट खड्डे घेऊन बघा. काळी, तांबडी, चुनखडीची माती किंवा पहारीने सुटणारा मऊ मुरूम असेल तर ट्रेंचर बिनधास्त लावा. मुरमाला टंगस्टन कार्बाइडचे दात लागतात, साधे दात लगेच झिजतात. मोठे धोंडे गाडलेले असतील तर चेन उड्या मारते, दात तुटतात, तेवढ्या पट्ट्यात जेसीबीच लावा. मात्र 1 फुटी बकेट असलेलाच मागवा आणि हे फोनवर आधीच पक्कं करा, नाहीतर तो रुंद बकेट घेऊन येतो आणि मग वेळ नाही म्हणतो. पहार टणकन वाजली, म्हणजे खाली खडक असेल, तर खडक फोडणाऱ्या ब्रेकरशिवाय इलाज नाही.

आता ट्रॅक्टर. एचपी पुरेसा आहे, पण तुमच्या ट्रॅक्टरला क्रीपर गिअर, म्हणजे अगदी मुंगीच्या वेगाने चालवणारा गिअर, आहे का? ट्रेंचरला ताशी काहीशे मीटर एवढाच वेग चालतो. साध्या ट्रॅक्टरचा सगळ्यात हळू गिअरसुद्धा पीटीओच्या (ट्रॅक्टरमागे जोडलेलं मशीन फिरवणाऱ्या दांड्याच्या) मिनिटाला 540 फेऱ्यांवर ताशी दोन किलोमीटरच्या आसपास पळतो. मग लोक क्लच अर्धवट दाबून चालवतात आणि क्लच प्लेट जाळतात. क्रीपर नसेल तर स्वतःचा ट्रॅक्टर लावू नका, मशीनसकट ट्रॅक्टर भाड्याने घ्या.

चालवताना सगळ्यात धोक्याच्या दोन जागा म्हणजे पीटीओचा शाफ्ट आणि चेन. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवलेलं असेल तर ते बसवल्याशिवाय काम सुरू करू नका. गळ्यातला पंचा, धोतराचा सोगा, साडीचा पदर, काहीही शाफ्टमध्ये गुंतलं तर माणूस हात सोडवेपर्यंत ओढला जातो. मडगार्डवर कोणीही बसायचं नाही. चेन आधी हळू फिरू द्यायची, मग मातीत उतरवायची. चेनमध्ये दगड अडकला की पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, चेन पूर्ण थांबलेली डोळ्यांनी बघायची, मगच पहार लावायची. दात बदलताना उचललेल्या बूमखाली (चेन ज्यावर फिरते त्या लांब हाताखाली) लाकडी ठोकळा द्या, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर हात घालू नका. शिअर बोल्ट, म्हणजे जास्त झटका बसला की आधी तुटावा म्हणून बसवलेला मऊ बोल्ट, तुटतो तो मशीन वाचवायलाच. तो सारखा तुटतोय म्हणून तिथे कडक बोल्ट बसवलात तर पुढच्या झटक्याला चेन किंवा गिअरबॉक्स जाईल. उतारावर आडवं चालवायचं टाळा, वर-खाली चालवा.

जेसीबीची रुंद, खोल चारी घ्यावीच लागली तर भिंतीकडे लक्ष ठेवा. काळ्या रानात उन्हाळ्यात पडलेल्या भेगा खोल गेलेल्या असतात आणि भिंत त्याच भेगेवरून अख्ख्या फळीसारखी सुटते. चारीच्या काठापासून वीतभर-हातभर मागे, वरच्या जमिनीवर, चारीला समांतर, केसासारखी बारीक चीर दिसली की खालच्या माणसाला लगेच वर बोलवा. खड्ड्यांच्या सुरक्षिततेचं आयएस 3764 हे भारतीय मानक दीड मीटरपेक्षा खोल चारीला आधार द्यायला सांगतं. शेतात फळ्या कोणी लावत नाही, म्हणून मी त्या खोलीला बाजू सरळ न ठेवता उतरत्या कापून घेतो आणि माती काठापासून लांब टाकायला लावतो. एक घनमीटर ओली माती दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडलेल्याला तोंड उघडं असूनही श्वास घेता येत नाही. असं झालंच तर बकेटने उकरू नका, आधी तोंड आणि छाती हाताने मोकळी करा, आणि दुसरी बाजू ढासळत नाही ना हे बघायला एक जण वर ठेवा.

खोदण्याआधी शेजाऱ्यांच्या जुन्या पाईपलाईन, मोटारीच्या केबल, रस्त्याकडेची फायबर केबल कुठून जाते ते विचारून चुना टाकून घ्या. रस्त्याच्या बाजूचं काम असेल तर केंद्र सरकारचं 2023 साली आलेलं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आहे, त्यावर नोंद करा. रानातून गॅस किंवा पेट्रोलची पाईपलाईन जात असेल तर त्या कंपनीच्या खुणेच्या खांबावर नंबर असतो. त्यांना कळवल्याशिवाय त्या पट्ट्यात मशीन घालू नका. शेतातल्या विजेच्या तारा दुपारच्या उन्हात आणखी खाली येतात, त्यामुळे जेसीबीचा बूम पूर्ण वर केल्यावर कुठे पोचतो ते आधी बघा. तारेला लागलाच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहायचं, लाईट बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी जवळ जायचं नाही.

वाटेत दुसऱ्याचं रान असेल आणि तो अडवत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्यात पाईप किमान अर्धा मीटर खोल असावा असं आहे. मी मात्र 3 फुटांपेक्षा कमी खोलीवर कधीच टाकत नाही, कारण पलटी नांगर आणि सबसॉयलर (खालची कडक माती फोडणारं अवजार) खोलवर जातात.

विकत घेण्याबद्दल: फक्त तुमच्या 2000 फुटांसाठी अजिबात नको. गावात ठिबक आणि पाईपलाईनची कामं भरपूर असतील, क्रीपरचा ट्रॅक्टर असेल आणि दात-चेन मिळणारं दुकान तालुक्यालाच असेल, तरच विचार करा. भाड्याने घेताना तासावर न ठरवता फुटावर ठरवा, आणि खडक लागला तर त्या फुटांचा दर काय, हे ट्रॅक्टर रानात यायच्या आधी बोलून घ्या.