रिम प्रोटेक्टर बसवण्याआधी त्याच्या खाली काय साचतं ते बघा

रत्नागिरीच्या सदस्यांचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. नवी गाडी, 17 इंची डायमंड कट अलॉय, डावीकडच्या पुढच्या चाकाला फूटपाथची कड घासून चरा पडलाय. ॲक्सेसरीजवाला म्हणतोय, चारही चाकांना रिम प्रोटेक्टर, म्हणजे रिमच्या कडेला बसणारी नायलॉनची रिंग, बसवून टाका, चराही झाकला जाईल आणि पुढची काळजीही मिटेल. ती बसवावी का, असं ते विचारतात. "चरा झाकला जाईल" हे मला पुण्यातल्या एका टायरच्या दुकानातही सांगितलं होतं. त्यानंतर दोन टायर आणि एक अख्खा रिम गेला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. स्वतःच्या आणि घरातल्यांच्या गाड्यांची देखभाल बरीच वर्षं जवळून बघत आलोय, एवढंच. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं काही सांगत असेल तर तेच खरं धरा.

प्रोटेक्टरचे प्रकार दोन. एक दुतर्फी टेपने रिमच्या काठावर चिकटणारी पट्टी, दुसरी टायर आणि रिमच्या मध्ये अडकणारी नायलॉनची रिंग. दोन्ही नेमकं एकाच गोष्टीपासून वाचवतात. गाडी हळू चालवत कडेला लावताना रिमचा बाहेरचा ओठ दगडाला घासतो, त्यापासून. लक्ष्मी रोडला लावताना, टोलनाक्याच्या लेनमधल्या उंच काँक्रीटच्या कडेला, मॉलच्या गोल रॅम्पवर वळताना हेच होतं, आणि तिथे ही वस्तू खरंच काम करते. घरात कुणी नुकतं गाडी शिकत असेल तर तिचा फायदा अगदी डोळ्यांना दिसतो. पण खड्ड्यात चाक आपटलं की रिम वाकणार तो वाकणारच. पट्टीचा तिथे काडीचा उपयोग नाही. कड उंच असेल तर ती ओठ सोडून थेट स्पोकला लागते, तिथेही नाही.

खड्ड्यापासून वाचवतं ते टायरचं रबर. 16 इंचावर 215/60 (आधी रुंदी मिमीत, मग बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत) असेल तर बाजूच्या भिंतीची उंची 129 मिमी, तीच गाडी 17 इंचावर 215/55 घेऊन आली की 118. दिसायला चाक मोठं, पण उशी सेंटीमीटरभर कमी. आपल्या रस्त्यांवर मला ती सेंटीमीटरभर उशी जास्त मोलाची वाटते. असो, तुमची गाडी आलेली आहे.

आता मुख्य गोष्ट. डायमंड कट चाकाच्या दर्शनी भागावर लेथने कापलेलं उघडं ॲल्युमिनियम असतं आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर. रंगवलेल्या चाकावर रंगाचे थर असतात, इथे तो एकच पातळ पडदा. तो फुटला की पाणी आणि मीठ आत शिरतं आणि लॅकरच्या खालून गंज पुढे सरकत जातो. तुम्ही बऱ्याच जुन्या गाड्यांच्या चाकांवर पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेषा बघितल्या असतील, त्या याच. समुद्राच्या हवेत ते फार लवकर होतं. तुमच्या चाकावर चरा पडलाय म्हणजे तो पडदा आधीच फुटलेला आहे. त्यावर रिंग बसवणं म्हणजे ओली जखम बांधून ठेवणं. ओलावा सुकत नाही, आणि ब्रेकची काळी भुकटी, जी मुख्यतः लोखंडाची असते, ती त्याच फटीत जाऊन बसते.

माझ्या गाडीचं काय झालं ते सांगतो. दुकानातल्या माणसाने टायरमधली हवा पुरती न सोडता, मशीनही न वापरता, टायर लिव्हर आणि स्क्रूड्रायव्हरने रिंग दाबून बसवली. चाकाचं बॅलन्सिंग करायला, म्हणजे ते न थरथरता फिरावं म्हणून, छोटी वजनं लावतात; त्यातली रिमच्या ओठाला चिमट्यासारखी अडकणारी या रिंगसोबत चालत नाहीत. रिमच्या आतल्या बाजूला चिकटणारी लावावी लागतात. तिथे रिंगचा तुकडा कापून चिमटीचं वजन ठोकलं गेलं. एक्सप्रेसवेवर 80च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं, म्हणून पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा ठोकाठोक. मग पुढच्या दोन्ही चाकांची, त्यातही डाव्याची, हवा उतरायला लागली. दुकानदाराने हवा भरायचं नोझल बदललं. हवा उतरतच राहिली. त्याचं पुढचं म्हणणं, रिममध्येच दोष असणार, कंपनीकडे जा.

मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. ॲडव्हायझरने गाडीजवळ न येता जॉब कार्डवर "बाहेरची ॲक्सेसरी" असं लिहिलं आणि टायर उतरवून बघायला साफ नकार दिला. जिथे बसवलं तिथेच जा. मी म्हटलं, वॉरंटी नको, मजुरी देतो, फक्त रिंग काढून बीड, म्हणजे टायरची रिमवर घट्ट बसणारी कड, तपासा. तरी नाही. वरच्या साहेबांना मेल केली, तर उत्तरात जॉब कार्डवरचं तेच वाक्य. पावसाळाभर दर आठवड्याला हवा भरत गाडी चालवली. कमी हवेवर चालल्याने पुढच्या दोन्ही टायरच्या कडा खाल्ल्या गेल्या, मध्ये नक्षी शिल्लक आणि दोन्ही खांदे गुळगुळीत. आजही या गोष्टीचा राग येतो, कारण तपासणीला दहा मिनिटं पुरली असती. चूक कुणाची हे नंतर ठरवता आलं असतं. हवा उतरणारं चाक घेऊन माणूस हायवेवर जातोय याची जबाबदारी कुणालाच वाटली नाही.

शेवटी एका साध्या पंक्चरवाल्या काकांनी चाक उतरवून पाण्याच्या टाकीत बुडवलं. टायरचा बीड रिमवर जिथे बसतो त्या कडेने बुडबुडे येत होते. रिंग काढली तर खाली ओला चिखल, काळी भुकटी आणि पांढरी पूड. लिव्हर घासली होती तिथून लॅकर पापुद्र्यासारखं निघत होतं आणि गंज बीडच्या बैठकीपर्यंत पोचला होता. ट्यूबलेस टायरची हवा त्या बैठकीवरच अडते, ती खडबडीत झाली की नोझल कितीही बदला. लेथवाल्याने तो रिम घेतला नाही. डायमंड कट पुन्हा करताना दरवेळी धातूचा थर निघतो, त्यामुळे ते मोजक्याच वेळा करता येतं, आणि बैठकीतला खोल गंज त्याने जातही नाही. विम्याचा तर विचारच सोडा. गंज आणि झीज धरत नाहीत. नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसानही मिळत नाही, सोबत गाडीचं नुकसान झालं तरच, तेही 50 टक्के.

म्हणून माझं मत, आणि ते थोडं टोकाचं वाटलं तरी चालेल: डायमंड कट चाकाला, त्यातही कोकणात, नायलॉनची रिंग बसवू नका. चरा पडलेल्या चाकाला तर अजिबात नको. रंगवलेलं, न घासलेलं अलॉय असेल आणि बसवणारा माणूस मशीनवर हवा सोडून, बीड मोकळा करून, आत चिकटणारी वजनं लावून देणार असेल, तर रिंग वाईट नाही. अलॉयगेटरसारख्या ब्रिटिश कंपनीचा मुख्य धंदा यावर उभा आहे, आणि तिथल्या फूटपाथच्या कडा आपल्यापेक्षा दयाळू नाहीत. फक्त पावसाळ्याच्या आधी आणि नंतर रिंग उतरवून खालची जागा धुऊन सुकवायची तयारी हवी. तेवढा कंटाळा येणार असेल तर बसवूच नका.

चिकटपट्टीचा प्रकार बीडला हात लावत नाही, म्हणून मला कमी धोक्याचा वाटतो. पण रिम आधी स्वच्छ पुसून, कोरडं करून चिकटवा आणि दोन-तीन दिवस धुऊ नका. प्रेशर वॉशरचं तोंड पट्टीच्या काठावर धरलं की ती सुटते. सुटलेलं टोक दिसलं तर त्याच दिवशी कापून टाका. वेगात ते फेंडरवर आपटत राहतं.

खरं तर सगळ्यात चांगला प्रोटेक्टर टायरवरच येतो. बऱ्याच रुंद, कमी उंचीच्या टायरना रिमच्या ओठापुढे डोकावणारी रबराची कड असते. कॉन्टिनेन्टलच्या टायरवर तिची खूण 'एफआर', डनलॉपवर 'एमएफएस'. पुढचे टायर घेताना ही कड हाताने चाचपून बघा. बीडला काही होत नाही, खाली चिखल अडकत नाही, बॅलन्सिंगची भानगड नाही. उंच कडेपुढे तीही हरते, पण रोजच्या घासाघाशीला पुरते.

जाता जाता आणखी दोन गोष्टी, विषय थोडा वेगळा आहे तरी. वॉशिंग सेंटरवाल्यांना चाकावर ॲसिड मारू देऊ नका. चकचकीत दिसतं, पण लॅकर खातं. शाम्पू आणि मऊ ब्रश पुरतो, चाक गरम असताना नाही. आणि कधी रिम वाकला तर गॅसच्या बत्तीने तापवून ठोकणाऱ्याकडे नेऊ नका. बहुतेक अलॉय कारखान्यात ठरावीक तापमानाला उष्णता देऊन मजबूत केलेले असतात, बत्तीने ती मजबुती त्या जागी निघून जाते आणि वरून काही दिसत नाही.

तुमच्या चाकाचं आत्ता करायचं ते एवढंच. चरा साबणाने धुऊन पूर्ण सुकवा, नखाला अडकणारी धार बारीक पॉलिश पेपरने हलकेच मोडा, अल्कोहोलने पुसून वर क्लिअर लॅकरचा पातळ हात मारा. दिसायला ठिपका राहील, पण ओलावा थांबेल. पाऊस सुरू व्हायच्या आत करा. लेथचं काम चारही चाकांना चार चरे पडल्यावर एकदमच करून घ्या, दरवेळी नको. आणि सर्व्हिसला गाडी देताना "बीड तपासणे" हे तुमच्या तक्रारीच्या रकान्यात स्वतः लिहायला लावा, कॉपी घेतल्याशिवाय निघू नका. टायरच्या बाजूवरचे पूर्ण आकडे आणि चऱ्याचा जवळून काढलेला फोटो टाकलात तर लॅकर कुठपर्यंत उठलंय ते सांगायचा प्रयत्न करेन.