न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉलच्या (NFL) टीमकडे ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक (क्यूबी, पास फेकणारा मुख्य खेळाडू) होता, डिफेन्स भारी होता, तरी 2024 चा सीझन 5-12 (5 जिंकल्या, 12 हरल्या) कसा झाला? आणि नवीन माणसाने ही टीम धरावी का?

मालकामुळे.

एका शब्दात उत्तर झालं खरं तर, पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की मधेच कोच बदलूनही काही सुधारलं नाही म्हणजे प्लेअर्सच टुकार असणार, त्यावर मला गप्प बसवत नाही. कारण हेच वाक्य मी पूर्ण सीझनभर एका माणसाच्या तोंडून ऐकलंय आणि तो माणूस माझा साडू आहे.

आधी आकडे घ्या. हेड कोच रॉबर्ट सालेहला हाकलला तेव्हा टीम 2-3 होती. त्या पाच मॅचमध्ये समोरच्यांनी मिळून 85 पॉइंट केले, म्हणजे मॅचला 17. त्यातलेही लंडनच्या मॅचमधले सात पॉइंट डिफेन्सने दिलेच नव्हते, रॉजर्सने थ्रो सरळ व्हायकिंग्सच्या व्हॅन गिंकेलच्या हातात दिला आणि तो पळत सुटला. सालेह गेल्यावर उरलेल्या 12 मॅचमध्ये किती पॉइंट खाल्ले? 319. मॅचला साडेसव्वीसच्या वर. स्टीलर्सनी 37 ठोकले, कार्डिनल्सनी 31, मायामीने 32, बफेलोने 40. डिफेन्सचे मोठे खेळाडू, सॉस गार्डनर तोच, क्विनन विल्यम्स तोच. ज्याने डिफेन्स उभा केला त्याला काढला, आणि जो तो रोज सांभाळत होता त्या जेफ उलब्रिकला हेड कोचच्या खुर्चीत बसवला, म्हणजे एका फटक्यात एक माणूस गेला आणि दुसऱ्याचं लक्ष वाटलं गेलं. पुढचं रेकॉर्ड 3-9. फरक पडला हो, चांगलाच पडला.

आता साडूंबद्दल. ते न्यू जर्सीत पार्सिपनीला असतात, मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत, आणि मला या टीमच्या नादाला लावलं ते त्यांनीच, नाहीतर मी सांगलीहून आलेला माणूस, एडिसनमध्ये बसून रविवारी क्रिकेटच्या हायलाइट्स बघत होतो आणि सुखी होतो. त्यांचं आयुष्याचं तत्त्व एकच, टॉपचा माणूस आणा, बाकीचं आपोआप होतं. ऑफिसात पण तेच, घरात पण तेच, मुलाच्या ट्यूशनला पण तेच. एप्रिल 2023 मध्ये रॉजर्स ग्रीन बेहून आला तेव्हा यांनी आठ नंबरची जर्सी स्वतःला घेतली आणि मुलालाही घेतली. मी म्हटलं अहो, ओ-लाइनचं (क्यूबीच्या पुढे उभी राहणारी भिंत) काय? 39 वर्षांच्या माणसाला वाचवणार कोण? घराचं छप्पर गळतंय आणि तुम्ही झुंबर आणताय. त्यावर उत्तर आलं, "साडूभाऊ, तुम्हाला ना कशातच चांगलं बघता येत नाही."

11 सप्टेंबर 2023 ला काय झालं ते जगाने बघितलं. मंडे नाइट, बफेलोविरुद्ध, रॉजर्स झेंडा घेऊन मैदानात पळत आला आणि चौथ्याच स्नॅपला (चालीला) लिओनार्ड फ्लॉइडने पाडला, अकिलीस फाटला, सीझन संपला. ती मॅच आपण ओव्हरटाइममध्ये 22-16 जिंकली हे कोणाच्या लक्षातही नाही. साडू म्हणाले नशीब. मी म्हणतो नशीब कसलं, या वयाचा क्यूबी घेतलाय, तर त्याच्या मागे नीट बॅकअप नको? मागे होता झॅक विल्सन, ज्याला आदल्याच सीझनमध्ये याच टीमने बेंचवर बसवलं होतं. 7-10 झालं. तिथून आमचा वाद सुरू झाला तो काही थांबला नाही.

2024 ची पहिली मॅच 9 सप्टेंबरला होती, फोर्टीनायनर्सविरुद्ध, त्यांच्याकडे. साडूंकडे पाच दिवसांचा गणपती असतो, सगळे तिथेच जमलेलो. आरती नेहमीपेक्षा भराभर उरकली, मंत्रपुष्पांजली तर अशी म्हटली की थोरल्या मेव्हणीने डोळे वटारले, आणि सगळे पुरुष प्रसादाच्या वाट्या घेऊन बेसमेंटमध्ये. 32-19 हरलो. साडू म्हणाले पहिलीच मॅच आहे, रॉजर्स एक वर्षाने खेळतोय, जरा धीर धरा. ठीक आहे, पटलं. पुढच्या दोन मॅच जिंकल्या, टायटन्स आणि पेट्रियट्स, पेट्रियट्सना तर फक्त तीन पॉइंट दिले. मग यांना वाटलं झालं, आता प्लेऑफ (बाद फेरी) पक्के, आणि ब्रॉन्कोसच्या मॅचची तिकिटं काढली. माझंही काढलं. पैसे घेतले नाहीत हेही सांगतो, माणूस मनाने मोठा आहे, फक्त ऐकत नाही.

29 सप्टेंबर. पाऊस. सेकॉकसला ट्रेन बदलून स्टेडियमच्या मेडोलँड्स स्टेशनला उतरलो तेव्हाच मोजे भिजले होते. समोर बो निक्स, रुकी (पहिलंच वर्ष), पहिल्या हाफमध्ये ब्रॉन्कोसचे पासिंगचे यार्ड शून्याच्याही खाली, मायनसमध्ये! अशी मॅच हरायला अक्कल लागते. आपण काय केलं, तर 13 पेनल्टी दिल्या, त्यात फॉल्स स्टार्टच (चाल सुरू व्हायच्या आधीच हलणं) पाच, रॉजर्स पाच वेळा आडवा झाला, टचडाउन एकही नाही, किकच्या तीन फील्ड गोलवर नऊ पॉइंट. शेवटी एक मिनिटही उरलं नव्हतं आणि आपल्या किकर झर्लाइनने 50 यार्डांची किक बाहेर मारली. 10-9. माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा गोरा माणूस उठला, काही बोलला नाही, पाँचो झटकला आणि चालायला लागला, त्याने किती वर्षं हे बघितलंय कोण जाणे, सुपर बोल (लीगची फायनल) तर आपण एकदाच जिंकलोय आणि तो जानेवारी 1969 मध्ये.

परतीच्या गर्दीत, भिजलेल्या जॅकेटांचा वास, आणि साडू सुरू. सालेहला हाकला. शिस्त नाही. फॉल्स स्टार्ट म्हणजे कोचिंग. मी म्हटलं फॉल्स स्टार्ट रॉजर्सच्या केडन्समुळे (चाल सुरू करायला तो देतो ती हाक) होतायत, तो आवाज बदलून समोरच्याला फसवायला जातो आणि आपलीच लाइन फसते. (मॅचनंतर सालेहही साधारण तेच बोलला आणि रॉजर्सला ते आवडलं नाही, सगळं जाहीर प्रेस कॉन्फरन्समध्ये. तिथेच मला कळलं की आता कोण जाणार.) मी म्हटलं कोच बदलायचा कसला, ज्याने हे सगळं जमवलं त्या वुडी जॉन्सनला विचारा. तर साडू म्हणतात, "मालकाला कसं काढणार? मालक असतो तो." डब्यातली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली, मराठी कळत नसलं तरी वुडी जॉन्सन कळतं ना.

पुढच्या रविवारी लंडन, 23-17. समोर क्यूबी कोण, तर सॅम डार्नोल्ड, ज्याला आपणच 2018 ला तिसऱ्या नंबरवर ड्राफ्ट केला (कॉलेजमधून निवडला) आणि आपणच 2021 ला देऊन टाकला. तो त्या वर्षी व्हायकिंग्सना 14-3 ला घेऊन गेला. रॉजर्सने तीन इंटरसेप्शन (समोरच्याच्या हातात गेलेले पास) दिले. आणि मंगळवारी सकाळी, 8 ऑक्टोबरला, सालेह आऊट. फॅमिली ग्रुपवर साडूंचा मेसेज, नवरात्राच्या रंगांच्या साड्यांच्या फोटोंमध्ये मधेच, "आता बघा टीम कशी पळते." आठवड्याने रेडर्सकडून पास झेलणारा रिसीव्हर डावांते ॲडम्स पण आणला, रॉजर्सचा ग्रीन बेचा जुना जोडीदार, मग तर विचारूच नका. ऑफेन्सचा कोच हॅकेट आणला तो रॉजर्सचा दोस्त म्हणून, रिसीव्हर लाझार्ड आणला तो दोस्त म्हणून, आता ॲडम्स. टीम आहे की कॉलेजचं गेट-टुगेदर?

पळाली ना टीम. बफेलोशी 23-20 हरलो, झर्लाइनच्या दोन किक खांबाला लागल्या. पेट्रियट्सशी 25-22. कोल्ट्सशी 28-27. सीहॉक्सविरुद्ध 21-7 पुढे होतो, 26-21 हरलो, आणि त्यात 92 यार्ड पळून टचडाउन केला लिओनार्ड विल्यम्सने, तो पण आपलाच जुना. मायामीशी ओव्हरटाइममध्ये 32-26 आणि तिथे प्लेऑफचं कागदावरचं पण संपलं. ब्रॉन्कोस आणि लंडन धरून सात मॅच सहा किंवा त्याहून कमी पॉइंटांनी गेल्या. टुकार प्लेअर्सची टीम अशी हरत नाही, ती 30 पॉइंटांनी हरते. ही टीम हरायची ती शेवटच्या पाच मिनिटांत, आणि शेवटची पाच मिनिटं म्हणजे किकर, कोचिंग आणि डोकं शांत ठेवणं. ज्या बिल्डिंगमध्ये ऑक्टोबरात कोच गेला, लगेच प्ले-कॉलिंग (कुठली चाल खेळायची ते ठरवणं) हॅकेटकडून काढून टॉड डाउनिंगला दिलं, 19 नोव्हेंबरला जीएम (जनरल मॅनेजर) जो डग्लसही गेला, तिथे डोकं शांत कोणाचं राहणार. डिफेन्सचा हासन रेडिक तर ऑक्टोबर संपत येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टसाठी रुसून घरी बसला होता, आला तेव्हा पूर्ण सीझनमध्ये एक सॅक (समोरच्या क्यूबीला बॉलसकट पाडणं).

वुडीने टीम 2000 मध्ये 63.5 कोटी डॉलरला घेतली, जॉन्सन अँड जॉन्सनच्या घरातला माणूस, पैशाची कमी नाही. शेवटचे प्लेऑफ 2010 च्या सीझनला. त्यानंतर रेक्स रायन गेला, टॉड बोल्स गेला, ॲडम गेस गेला, सालेह गेला. बोल्स टॅम्पाला जाऊन डिव्हिजन जिंकत बसला. कोच बदलले, क्यूबी बदलले, जीएम बदलले, मग न बदललेली गोष्ट कोणती ते तुम्हीच बघा. डिसेंबर 2024 मध्ये एक बातमीही आली होती, मालकाने व्हिडिओ गेममधलं रेटिंग बघून एका रिसीव्हरचा ट्रेड अडवला अशी. टीमने ते नाकारलं, त्यामुळे खरं मानू नका, पण जेट्सचा एकही फॅन ते वाचून दचकला नाही यात सगळं आलं. साडूंना मी लिंक पाठवली, दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये येऊन झोडपाल. सालेह काही फार मोठा कोच होता असं माझं म्हणणं नाही, त्याचं जेट्समधलं रेकॉर्ड 20-36 आहे, सीझन संपल्यावर काढला असता तर मी एक शब्द बोललो नसतो. आणि रॉजर्सचे आकडेही वाईट नाहीत, 17 च्या 17 मॅच खेळला, 3,897 यार्ड, 28 टचडाउन, 11 इंटरसेप्शन, शेवटच्या मॅचमध्ये करिअरचा 500 वा टचडाउन पास, अकिलीस फाटून परत आलेल्या 41 वर्षांच्या माणसाला हे सोपं नाही. जूनमधला मँडेटरी कॅम्प सोडून तो इजिप्तला गेला होता ते मात्र मला आजही खटकतं. साडूंना नाही खटकत. ते म्हणतात मोठ्या माणसाला सवलत द्यायची असते, आणि त्यांच्या टीममध्ये जो एक मोठ्या नावाचा माणूस आणलाय त्यालाही ते हेच देतात, बाकीचे चौघं रात्री जागून काम करतात. मेव्हणीनेच सांगितलं मला.

2025 बद्दल तुम्ही विचारलं नाही, पण रॉजर्सला सोडलं, तो स्टीलर्सकडे गेला, पहिल्याच मॅचला आपल्याच मैदानावर चार टचडाउन मारून 34-32 हरवून गेला. नवीन कोच ॲरन ग्लेन, सुरुवात 0-7, शेवट 3-14, सॉस आणि क्विनन दोघांनाही मधेच विकून मोकळे. आणि आमचे साडू लगेच, ग्लेनला काढा. मी फक्त 85 आणि 319 हे दोन आकडे टाइप केले आणि फोन ठेवून दिला.

टीम धरावी का हे राहिलंच. न्यू जर्सीत राहत असाल आणि घरात कोणी आधीच फॅन असेल तर तुमच्या हातात काही नाही, धरली जाणारच. घरात कोणी नसेल तर जायंट्सही त्याच स्टेडियममध्ये खेळतात, तेही काही दिवे लावत नाहीत, पण त्यांच्याकडे चार सुपर बोल आहेत. जेट्सच धरायची असेल तर डिसेंबरमध्ये रीसेलवर स्वस्तात तिकीट घ्या, सेकॉकसवरून ट्रेनने जा, पार्किंगला पैसे घालू नका. फक्त सीट लायसन्स (सीझन तिकीट घेण्याचा विकत मिळणारा हक्क) विकत घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. 2010 ला स्टेडियम उघडलं तेव्हापासून तिथे जेट्सची एकही प्लेऑफ मॅच झालेली नाही, त्या पहिल्या वर्षीच्या तिन्ही बाहेर होत्या. साडू सध्या दोन सीट घ्यायच्या विचारात आहेत, एक माझ्या नावावर.