पुराणमतवादी उमेदवार का धावतात?

प्रश्न असा आहे: "ब्रिटन-अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह उमेदवारांच्या मुलाखतींचा अनुवाद करते आहे. आपण निवडणुकीत का उतरलो, ते प्रत्येकानं सांगितलंय. शीर्षक यंत्राला दिलं, तर 'पुराणमतवादी उमेदवार सार्वजनिक कार्यालयासाठी का धावत आहेत' असं हाती आलं. आधी हसले, मग सुधारायला बसले तर शब्दाशब्दाला अडले. कन्झर्व्हेटिव्ह म्हणजे पुराणमतवादीच का? आणि जाता जाता, 'रनिंग मेट'ला काय म्हणायचं?"

कार्यालयाचा निकाल लगेच लावू. इथलं 'ऑफिस' म्हणजे पद. 'लाभाचे पद' हा शब्दप्रयोग आपल्याकडे कायद्यात रुळलेलाच आहे, तिथे कुणी 'लाभाचे कार्यालय' म्हणत नाही. शिवाय निवडणूक म्हटली की ती पदासाठीच असते, त्यामुळे बहुतेक वाक्यांत 'सार्वजनिक पदासाठी' हे शेपूट गाळलं तरी अर्थ बुडत नाही.

धावण्यात मात्र मजा आहे. इंग्रजीत अमेरिकन उमेदवार धावतो ('रन'), ब्रिटिश उमेदवार उभा राहतो ('स्टँड'). एकच भाषा, पण एकीत शर्यत आणि दुसरीत स्तब्ध पुतळा. मराठी माणूस ब्रिटिशांसारखा उभा राहतो, पण आपण ते रूपक त्यांच्याहून पुढे नेलं. उभा राहिलेला माणूस पडू शकतो, म्हणून आपला उमेदवार हरत नाही, 'पडतो'. आणि उभ्या माणसाला खाली बसवता येतं, म्हणून अर्ज मागे घ्यायला लावणं म्हणजे 'त्याला बसवणं'. "तिघे उभे होते, एकाला बसवला, एक पडला" हे वाक्य परक्याला व्यायामशाळेतलं वाटेल. आपल्याला त्यात अख्ख्या मतदारसंघाची हकिकत कळते. एक प्रत्यक्ष उदाहरण: मार्गारेट थॅचर (तेव्हाच्या मार्गारेट रॉबर्ट्स) १९५० मध्ये डार्टफर्डमधून उभ्या राहिल्या आणि पडल्या, १९५१ मध्ये पुन्हा तिथूनच उभ्या राहिल्या आणि पुन्हा पडल्या, आणि १९५९ मध्ये फिंचलीतून निवडून आल्या. यात कुठेही पळापळ नाही, आणि अनुवादाचा वासही नाही.

उभं राहण्याचा प्रयोजक प्रयोगही विसरू नका. "मी उभा राहिलो" आणि "मला उभं केलं" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात इच्छा माझी, दुसऱ्यात पक्षाची, कार्यकर्त्यांची, नाहीतर 'जनतेच्या आग्रहाची'. तुमच्या मुलाखतींत कुणी म्हणत असेल की लोकांनी मला गळ घातली, तर तिथे 'उभं केलं' वापरा. एका क्रियापदात त्याचा सगळा संकोच, खरा असो वा दाखवायचा, आपोआप येईल.

'निवडणूक लढवणे' हा दुसरा पर्याय. इथे एक बारकावा आहे, आणि माझा त्याच्यावर जरा जीव आहे. लढणे वेगळं, लढवणे वेगळं. आपण किल्ला 'लढवतो', खिंड 'लढवतो'; म्हणजे हल्ला करत नाही, हातात असलेली जागा सोडत नाही. आहे ते राखायला निघालेल्या उमेदवाराला याहून नेमकं क्रियापद शोधूनही सापडणार नाही. म्हणून तुमच्या मजकुरात 'निवडणूक लढवणे' हेच ठेवा. हल्ली 'निवडणूक लढणार' असं सर्रास दिसतं, ते हिंदीच्या 'चुनाव लड़ना'वरून घरंगळत आलेलं आहे. चूक म्हणून काट मारणार नाही, पण माझ्या कानाला 'व' गळाल्याचं कळतं.

'उमेदवार' शब्दाला हात लावायची गरज नाही. फारसी 'उमेद' म्हणजे आशा, तिला 'वार' जोडून आशा धरून असलेला तो उमेदवार. काम शिकायला कुणाच्या हाताखाली राबण्यालाही आपण 'उमेदवारी करणे' म्हणतो, ही छटा इंग्रजीत नाही. तिकडच्या 'कँडिडेट'च्या मुळाशी लॅटिनमधला पांढरा रंग आहे: रोममध्ये पद मागणारा माणूस खडू लावून शुभ्र केलेला झगा घालून हिंडायचा. पुढारी आणि पांढरे कपडे हे नातं दोन हजार वर्षांपलीकडचं आहे तर! 'अँबिशन' हा शब्दही त्याच गल्लीतला. मूळ अर्थ मतं मागत फिरणं.

आता तुमचा खरा अडथळा, 'कन्झर्व्हेटिव्ह'.

कोश उघडला की पुराणमतवादी, सनातनी, रूढिप्रिय, स्थितिवादी, परंपरावादी अशी रांग मिळते. यांतला प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून बघा, आणि म्हणताना वाक्याची सुरुवात 'मी'नं करा. "मी पुराणमतवादी आहे, म्हणून निवडणुकीला उभा आहे." "मी रूढिप्रिय आहे, मला मत द्या." कुठल्याही शहाण्या उमेदवाराच्या तोंडून हे निघणार नाही. हे शब्द आपण दुसऱ्याला लावण्यासाठी घडवलेत. सुधारक आणि त्यांचे विरोधक यांच्या भांडणात सुधारकांच्या बाजूनं भिरकावलेले हे दगड आहेत, आणि अजून त्यांना त्या हाताची ऊब आहे. इंग्रजीत मात्र "आय अ‍ॅम अ कन्झर्व्हेटिव्ह" हे वाक्य छाती काढून म्हणायचं आहे. त्यामुळे मुलाखत देणारा स्वतःबद्दल बोलतोय आणि तुम्ही त्याच्या तोंडी 'पुराणमतवादी' घातलंत, तर तुम्ही नकळत त्याच्या विरोधकाचं भाषण लिहिलंत.

दुसरी अडचण अर्थाची. पुराणमत म्हणजे जुनं मत. पण ब्रिटनच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं राजकारण जुन्या मताला चिकटून सुरू झालं का? १८३४ च्या डिसेंबरात रॉबर्ट पील ब्रिटनचे पंतप्रधान झाले. मंत्रिपद घेतलं की खासदाराला पुन्हा मतदारांपुढे जावं लागे, असा तेव्हाचा नियम; म्हणून त्यांनी आपल्या टॅमवर्थ मतदारसंघाला एक जाहीर पत्र लिहिलं. मतदार टॅमवर्थचे, पण पत्र लंडनच्या वर्तमानपत्रांत, म्हणजे वाचणार अख्खा देश! ब्रिटिश कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या जन्माची गोष्ट सांगताना याच पत्राकडे बोट दाखवतात. म्हणजे बघा, तुमच्या मुलाखतींचा पूर्वजच: उमेदवार मतदारांना सांगतोय की मी का आणि कोणत्या भूमिकेवर उभा आहे. आणि पील त्यात काय म्हणतात? मताधिकार वाढवणारा १८३२ चा कायदा, ज्याला त्यांनी स्वतः विरोध केला होता, तो आता कायमचा आणि न फिरवता येणारा म्हणून आपण मान्य करतो. सिद्ध झालेले गैरप्रकार दूर करू, खऱ्या गाऱ्हाण्यांची दाद लावू. यातली 'सिद्ध झालेले' आणि 'खऱ्या' ही दोन विशेषणं काढून बघा, मग ते कुणाही सुधारकाचं वाक्य होईल. सगळा कन्झर्व्हेटिव्हपणा त्या दोन विशेषणांत आहे: बदलाला ना नाही, पण आधी पुरावा आणा. याला 'पुराणमत' म्हणणं म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकताच त्याला पुराणातल्या वांग्यांत जमा करणं.

मुळात इंग्रजी शब्दात 'जुनं' कुठेच नाही. त्यात आहे ते राखणं. आणि राखणं मराठीला छान येतं. 'कन्झर्व्हेटिव्ह एस्टिमेट'ला आपण काय म्हणतो? हात राखून केलेला अंदाज. हीच ती वृत्ती! (एका मासिकात मी 'पुराणमतवादी अंदाज' छापलेला पाहिला आहे, आणि 'शस्त्रक्रिया न करता पुराणमतवादी उपचार' हेही. रुग्णाला अंगारा लावला असावा.) 'राखणवादी' किंवा 'जतनवादी' असे शब्द पाडायचा मोह मलाही होतो. पण असा नवा पाडलेला शब्द शीर्षकात टाकला की वाचक उमेदवार सोडून शब्दाकडेच बघत बसतो, म्हणून शिफारस करत नाही.

मग करायचं काय? बोलणारा कोण, ते बघायचं. उमेदवार स्वतःबद्दल बोलत असेल तर 'परंपरा मानणारा' किंवा 'परंपरानिष्ठ'. निष्ठा हा गुण आहे, तो माणूस स्वतःला लावून घेतो. तुम्ही निवेदक म्हणून तटस्थपणे लिहीत असाल तर 'उजव्या विचारांचे' किंवा 'परंपरावादी'. विरोधक बोलत असेल तर खुशाल 'पुराणमतवादी', तिथे तो शब्द आपल्या घरी आहे. 'सनातनी' मात्र टाळा. तो शब्द काही लोक स्वतःला अभिमानानं लावतात, हे खरं, पण त्याच्यामागे धर्माचा संदर्भ इतका घट्ट आहे की करकपातीबद्दल बोलणारा अमेरिकन उमेदवार वाचकाला एकदम सोवळ्यात दिसू लागतो.

आणि ब्रिटनच्या पक्षापुरता तर आपल्याकडे फार झकास शब्द होता: हुजूर पक्ष. तिकडे लेबर म्हणजे मजूर पक्ष, आणि त्याच्याशी यमक जुळवून हा हुजूर. मराठी वर्तमानपत्रांनी ही जोडी वर्षानुवर्षं चालवली. त्यात चिमटा आहेच, हुजूर म्हणजे दरबार, सरकारस्वारी. पण चिमट्याचं त्या पक्षाला नवल नसावं. 'टोरी' हे त्यांचं दुसरं नाव मूळचं आयरिश, अर्थ लुटारू. सतराव्या शतकात विरोधकांनी शिवी म्हणून दिलेलं आणि त्यांनी मिरवलेलं. तुमचा वाचक पन्नाशीपुढचा असेल तर 'हुजूर पक्ष' लिहा, त्याला बरं वाटेल. तरुण असेल तर 'कन्झर्व्हेटिव्ह पक्ष' हे नाव तसंच ठेवा, पक्षाचं नाव भाषांतरित करायची सक्ती नाही.

राहिलं 'का'. हा शब्द सगळ्यांत सोपा वाटतो, आणि मला वाटतं तुमच्या शीर्षकाची किल्ली त्यातच आहे. इंग्रजीतल्या एका 'व्हाय'ला मराठीत तीन दारं आहेत. "का उभे आहात?" यात कारण विचारलंय. "कशासाठी उभे आहात?" यात हेतू. आणि "कशाला उभे राहिलात?" यात उत्तर नकोच आहे, नुसता वैताग आहे. उमेदवारांची उत्तरंही त्याप्रमाणे फुटतात. "शाळेच्या कारभाराला कंटाळलो म्हणून" हे 'का'चं उत्तर. "कर कमी करण्यासाठी" हे 'कशासाठी'चं. तुमच्या मुलाखतींवर एकदा पेन्सिल घेऊन बसा, वाक्य 'म्हणून'वर संपतं की 'साठी'वर, तेवढी खूण करा. जिकडे पारडं झुकेल तो शब्द शीर्षकात.

हा प्रश्न उमेदवाराला किती जड जाऊ शकतो, याचं गाजलेलं उदाहरण उजव्या नव्हे, डाव्या बाजूचं आहे. ४ नोव्हेंबर १९७९ ला प्रसारित झालेल्या मुलाखतीत पत्रकार रॉजर मड यांनी डेमोक्रॅटिक सिनेटर एडवर्ड केनेडींना विचारलं, तुम्हाला अध्यक्ष का व्हायचंय? केनेडी अडखळले, भरकटले, आणि ते अडखळणं त्यांच्या उमेदवारीला कायमचं चिकटलं. नऊच दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, रोनाल्ड रेगन यांनी आपली उमेदवारी जाहीर केली. त्यांना हा प्रश्न तसा अवघड नव्हता. सरकार फार माजलंय, त्याला आवरायला मी जातो, हे उत्तर त्यांच्या विचारसरणीत तयारच होतं. बाहेरून ते चमत्कारिक दिसतं, म्हणजे सरकार कमी हवं म्हणणाऱ्यानंच सरकारात शिरायचं. पण मराठीत ते 'चालवायला' आणि 'आवरायला' या दोन क्रियापदांत नीट बसतं. 'लिमिटेड गव्हर्नमेंट'ला 'मर्यादित सरकार' म्हटलं की कंपनीच्या नावासारखं वाटतं. 'सरकारनं हात आवरता घ्यावा' म्हटलं की कुणालाही कळतं.

अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर यांचं ३ जानेवारी १९६४ चं वाक्य तुम्हाला कुठे ना कुठे भेटेलच, कारण त्यांच्या मागून येणारे ते उसनं घेतात: मी 'चॉइस' देईन, 'एको' नव्हे. 'प्रतिध्वनी' लिहू नका, डोंगरात गेल्यासारखं वाटतं. रोख असा, की आमच्याच पक्षातले बाकीचे विरोधकांचीच री ओढतात. री ओढणे! "मी पर्याय देईन, कुणाची री ओढणार नाही." अध्यक्षपदाला ते पडले, सहाच राज्यं त्यांच्या बाजूनं गेली, पण वाक्य टिकलं.

नेहमी येणारं आणखी एक वाक्य म्हणजे 'गिव्हिंग बॅक'. 'परत देणे' नको. "समाजाचं देणं लागतो" हे आपल्याकडे तयार आहे आणि तितकंच गुळगुळीतही आहे, म्हणजे अनुवाद तंतोतंत. 'आय अ‍ॅम नॉट अ पॉलिटिशियन'ला "मी काही राजकारणी नाही". इथे 'राजकीय नेता नाही' लिहिलंत तर तो विनय होईल. 'राजकारणी'त जी नापसंती मुरलेली आहे, ती त्याला हवी आहे.

तर शीर्षक, माझ्या मते: "आम्ही कशासाठी उभे आहोत: परंपरानिष्ठ उमेदवारांची भूमिका". 'भूमिका'मुळे 'स्पष्ट करतात, सांगतात' वगैरे क्रियापदाची गरज उरत नाही, आणि भूमिका नाटकातही असते, हे ज्याला आठवायचं त्याला आठवेल. तुमच्या पेन्सिलीनं 'म्हणून'च्या बाजूनं कौल दिला, तर 'कशासाठी'चं 'का' करा.

'रनिंग मेट' हा शब्द तबेल्यातून आलाय: शर्यतीत आपल्याच मालकाच्या दुसऱ्या घोड्याला वेग धरून देणारा घोडा. आपले उमेदवार धावतच नाहीत, त्यामुळे 'सहधावक' बाद. 'जोडीचा उमेदवार' बोलताना चालेल. छापताना 'उपाध्यक्षपदाचा उमेदवार' असं सरळ लिहा.