ताट न उचलता ट्रेनिंग मॅनेजर?

नमस्कार,

खानापूरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला बारावी कॉमर्सला ६८ टक्के आहेत आणि तिला मोठ्या हॉटेलात कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग देण्याचं काम करायचंय. तुम्ही लिहिता, 'हॉटेलात ताटं उचलायला पोरगी पाठवणार नाही. बीकॉम, मग एचआरमध्ये एमबीए करून थेट ट्रेनिंग मॅनेजर होणार असेल तर बघू. पाव्हण्यांना काय सांगू?'

टक्क्यांची काळजी मला नाही. मला टोचलं ते 'ताटं उचलायला.' तुमची स्वतःची खानावळ आहे, गर्दीत तुम्हीच वाढायला उभे राहता, हे त्याच पत्रात आहे. त्या वाढण्यावर घर चाललं, पोरगी शिकली. आज तुम्ही तिच्यासमोर त्याच कामाला नावं ठेवता, तेव्हा ती बापाच्या कष्टांकडे कोणत्या नजरेनं बघायला शिकेल? हे बोलणं आधी बंद करा. पाव्हण्यांचं नंतर बघू.

आता थेट ट्रेनिंग मॅनेजर होण्याबद्दल. हा गैरसमज बऱ्याच पालकांचा असतो. नुसती एमबीए झालेली मुलगी भरती, हजेरी, ट्रेनिंगच्या नोंदी सांभाळेल. पण दहा वर्षं खोल्या लावणाऱ्या माणसाला चादरीचा कोपरा कसा दुमडायचा हे ती कशाच्या जोरावर सांगणार? मोठ्या हॉटेलांत हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस, सर्व्हिस, किचन अशा खात्यांचे ट्रेनर बहुधा त्याच खात्यात राबलेल्यांतून निवडतात. शिफ्टआधी रोज ब्रीफिंग होतं, नवा मुलगा जुन्याच्या मागे फिरून काम उचलतो, चिडलेल्या पाहुण्याशी कसं बोलायचं याचा सराव एकमेकांसमोर करून घेतात. रिट्झ-कार्लटनच्या हॉटेलांत पाहुण्याची अडचण सोडवायला साध्या कर्मचाऱ्यालाही साहेबाला न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा आहे, ही गोष्ट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. एवढा विश्वास टाकायचा तर त्या माणसाला आधी तसा तयार करावा लागतो. जी स्वतः कधी चिडलेल्या पाहुण्यासमोर उभी राहिली नाही, ती हे कसं शिकवणार?

म्हणून बीकॉम-एमबीएचा बेत सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा देऊन गोव्यातल्या पर्वरीच्या किंवा बेंगळुरूच्या आयएचएमला, म्हणजे सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत, प्रयत्न करावा. ओबेरॉय हॉटेल्सचा 'स्टेप' हा बारावीनंतरचा कार्यक्रमही आहे. त्यात हॉटेलात काम करत, विद्यावेतन घेत शिकता येतं. आधी चार-पाच वर्षं प्रत्यक्ष काम, ट्रेनिंग त्यानंतर. तासन्‌तास उभं राहावं लागेल, रात्रपाळी येईल, गणपतीत बहुतेक घरी येता येणार नाही. हे तिला आजच सांगा. रात्री घरी सोडायची सोय काय आहे, हे बाप म्हणून तुम्ही जरूर विचारा. ती काळजी रास्त आहे.

शेवटी एक. 'खानावळीत नव्या पोरांना शिकवत बसते, एकाला मराठीत, दुसऱ्याला कन्नडात,' हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच ओळ. इंग्रजी कच्चं आहे म्हणता, ते सरावानं सुधारेल. समोरच्याला कळेल अशा त्याच्या भाषेत काम समजावणं मात्र तिला आत्ताच येतंय. त्यातल्या एका पोराला पहिल्या दिवशी काय जमत नव्हतं, तिनं काय केलं आणि आता तो काय करतो, हे तिला पानभर लिहायला सांगा. मुलाखतीत सांगायला तिच्याकडे याहून चांगलं काही नसेल. ते पान मलाही पाठवा, पण तिच्या हातचं.