जुनं फायटर पायलटचं हेल्मेट आणि ऑक्सिजन मास्क जमवायचा छंद लागलाय. पुण्यात मिळेल का? घेताना काय बघावं?

मिळतं, पण जपून. आपल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारलीत तर 'पायलटची टोपी' म्हणून जे हातात देतात, ती बहुतेक वेळा रणगाड्यातल्या जवानाची असते. काळं कापड आणि कपाळाकडून मागे जाणाऱ्या जाड, फुगीर पट्ट्या. आत डोकं लोखंडावर आपटतं, त्यासाठी त्या पट्ट्या. माझी पहिली खरेदी हीच. दोन वर्षं मी ती पाहुण्यांना 'मिगची' म्हणून दाखवत होतो. शेवटी हवाई दलातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी चहा पिता पिता बिंग फोडलं.

मिग-२१ हे रशियन लढाऊ विमान आपल्याकडे १९६३ मध्ये आलं, पुढे नाशिकजवळ ओझरला बनू लागलं, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांची ओढ रशियन सामानाकडेच. त्यातलं झेड-एस-एच-३ हे हेल्मेट नवख्याला समजायला सोपं. आत चामड्याची टोपी, तिच्यात कानाशी स्पीकर, आणि वरून चढवायचं कडक कवच. बोलण्यासाठी गळ्याला टेकणारे दोन छोटे मायक्रोफोन. अमेरिकन एमबीयू-५ मास्कमध्ये मात्र मायक्रोफोन मास्कच्या आतच, ओठांसमोर. विकणारा 'पूर्ण सेट आहे साहेब' म्हणाला की आधी एवढं बघा. इकडचा मास्क तिकडच्या हेल्मेटला अडकवलेले जुगाड भरपूर फिरतात.

खरी परीक्षा मास्कचीच. कवचाला रंग मारता येतो, रबराला तरुण करता येत नाही. नाकावर बसणारी घडी आणि गालाला टेकणारी पातळ कड बोटाने हलकेच ताणा. बारीक भेगांची जाळी दिसली, किंवा बोटाला चिकट लागलं, तर कितीही स्वस्त असला तरी खाली ठेवा. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल, या चौघांनी रबर संपतं. नळीच्या वळ्यांमध्येही बघा, तिथे आधी तडकतं.

तेलाचा धडा मी स्वतः घेतलाय. चामडं मऊ राहावं म्हणून टोपीला खोबरेल चोळलं आणि पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवली. गणपतीत उघडून बघतो तर कानाच्या वाट्यांत हिरवी बुरशी, आणि तेल लागलेलं रबर फुगून बेढब. आता मास्कच्या आत धुतलेल्या जुन्या पंचाचा बोळा असतो (वर्तमानपत्र नको, शाई लागते), नळी सरळ ठेवतो, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. मास्क खिळ्याला नळीने टांगलेला दिसला की माझा जीव वर-खाली होतो.

फिल्टरचा डबा लावलेला मास्क वैमानिकाचा नसतो, तो गॅस मास्क. जुन्या काही फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तेव्हा गंमत म्हणूनही तोंडाला लावू नका.

ऑनलाइन घेणार असाल तर मास्कच्या आतल्या बाजूचा, उजेडात काढलेला फोटो मागवा. बाहेरचेच चार फोटो पुन्हा पाठवले तर समजा आत काय आहे ते.